धावपट्टीवर मोडलेला पाय : फोर्ट लॉडरडेलचा मालवाहू विमान अपघात

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील फोर्ट लॉडरडेल विमानतळावर २८ ऑक्टोबर २०१६ रोजी सायंकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना फेडएक्स कंपनीचे एक मालवाहू विमान उतरले. उड्डाण क्रमांक ९१०. मेम्फिसहून निघालेले, तीन इंजिनांचे, एमडी-१० जातीचे हे विमान होते आणि त्यात दोनच माणसे होती : मुख्य वैमानिक आणि सहवैमानिक. चाके धावपट्टीला टेकली तेव्हा वावगे असे काहीच घडले नव्हते. वेग, उतरण्याचा कोन, टेकण्याचा जोर, सारे नेहमीच्या मर्यादेत होते. विमानाचा वेग कमी होत असतानाच डाव्या पंखाखालचा मुख्य पाय मोडला. पंख खाली बसला, डावे इंजिन धावपट्टीवर घासू लागले आणि आग लागली. विमान धावपट्टीच्या डाव्या कडेबाहेर जाऊन थांबले, तेव्हा डावा पंख ज्वाळांनी वेढला होता. दोघेही वैमानिक बाहेर पडले. मुख्य वैमानिकाला किरकोळ दुखापत झाली, सहवैमानिकाला तीही नाही. अग्निशमन दलाने आग विझवली, विमानतळावरील उड्डाणे काही काळ थांबवावी लागली आणि पेटलेल्या पंखाची दृश्ये जगभर पोहोचली.

जीवितहानी न झालेले अपघात लवकर विस्मरणात जातात. हा अपघात मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. वैमानिकांच्या हातून काही चुकले नव्हते, हवामानाने दगा दिला नव्हता, धावपट्टीवर अडथळा नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) या अपघाताचा जो शोध लावला, तो पोलादी नळकांड्यातील एका छोट्याशा छिद्रापाशी जाऊन थांबला आणि तेथून देखभालीच्या वेळापत्रकातील एका आकड्याकडे वळला. त्याहूनही विशेष म्हणजे, याच कंपनीच्या याच जातीच्या विमानाचा हाच पाय दहा वर्षांपूर्वी मेम्फिस येथे मोडला होता आणि तेथेही तडा याच छिद्रात सापडला होता.

जुने विमान, नवे नाव

एमडी-१० हे नाव सर्वसामान्य प्रवाशाला फारसे परिचित नसेल, पण त्याचे मूळ नाव डीसी-१० हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. मॅक्डॉनेल डग्लस कंपनीच्या या विमानाचे पहिले उड्डाण १९७० मध्ये झाले. दोन इंजिने पंखांखाली आणि तिसरे शेपटीत, ही त्याची ओळख. प्रवासी सेवेतून निवृत्त होऊ लागलेली ही विमाने फेडएक्सने मोठ्या संख्येने घेतली. त्यांच्या कॉकपिटमध्ये आधुनिक पडदे आणि संगणक बसवले. मूळ विमान चालवण्यास दोन वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनीअर अशी तीन माणसे लागत. नव्या रचनेत फ्लाइट इंजिनीअरची जागा राहिली नाही. या सुधारित विमानाला एमडी-१० हे नाव मिळाले. नाव बदलले, कॉकपिट बदलले. सांगाडा, पंख आणि पाय मात्र जुन्याच घडणीचे राहिले. मॅक्डॉनेल डग्लस कंपनी १९९७ मध्ये बोइंगमध्ये विलीन झाली. त्यामुळे या विमानांच्या देखभालीसंबंधी निर्माता या नात्याने शिफारशी करण्याची जबाबदारी बोइंगकडे आली. पुढील हकीकतीत ‘निर्माता’ म्हणजे बोइंग, तो या अर्थाने.

प्रवासी विमानांना मालवाहतुकीत दुसरे आयुष्य मिळणे यात गैर काही नाही. खिडक्या बुजवायच्या, एका बाजूला मोठे दार कापायचे, आतली जमीन मजबूत करायची आणि माल भरायचा, ही जगभरची रीत आहे. आपल्याकडे एसटी महामंडळाने २०२० मध्ये जुन्या प्रवासी गाड्यांचे मालवाहू ट्रक केले, त्यामागचा हिशेब फारसा निराळा नव्हता. विमानाच्या बाबतीत त्याला एक अट मात्र असते. यंत्र जितके जुने, तितकी तपासणी काटेकोर हवी. फोर्ट लॉडरडेलला जळालेले विमान १९७० च्या दशकाच्या आरंभी बांधलेले होते, म्हणजे अपघातसमयी त्याने चाळिशी ओलांडलेली होती.

पाय कसा असतो?

विमानाच्या चाकांच्या संपूर्ण रचनेला लँडिंग गिअर म्हणतात. मराठी वृत्तपत्रांतून त्यासाठी नुसते ‘चाके’ असे लिहिले जाते, पण चाके हा त्यातला सर्वात साधा भाग. खरे काम त्यांच्या वरचा खांब करतो. एमडी-१० च्या या प्रकारात नाकाखाली एक आणि प्रत्येक पंखाखाली एक असे तीन पाय असतात. पंखाखालचे दोन हे मुख्य पाय. प्रत्येकाला चार चाके. उतरताना शंभर टनांहून अधिक वजन प्रथम या दोन खांबांवर येते. तेव्हा विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे धावत असते आणि हवेत स्थिर असलेल्या चाकांना क्षणार्धात तो वेग गाठावा लागतो. टायर टेकताना जो धूर दिसतो, तो या क्षणाचा.

हा धक्का पचवण्यासाठी खांबाची रचना मोटारसायकलच्या शॉक अॅब्सॉर्बरसारखी असते. वर एक जाड पोलादी नळकांडे, त्यात खालून वर-खाली सरकणारा दट्ट्या, आणि दोहोंच्या पोकळीत तेल व दाबाखालील वायू. विमान टेकले की दट्ट्या वर सरकतो, तेल अरुंद वाटेने ढकलले जाते, वायू दाबला जातो आणि आघाताची ऊर्जा तेथे जिरते. वरचे नळकांडे पंखाच्या सांगाड्याला जोडलेले असते. उतरतानाचे वजन, ब्रेक लावल्यावर मागे खेचणारे बल, वळताना पडणारा पीळ, हे सारे त्याच्यातून पंखाकडे जाते. ते तुटले तर तो पंख तोलून धरणारे दुसरे काही उरत नाही. विमानात बहुतेक यंत्रणांना पर्यायी यंत्रणा असते, पण या नळकांड्याला जोडीदार नाही.

खांबातील वायूचा दाब अधूनमधून तपासावा आणि भरावा लागतो. त्यासाठी नळकांड्याला एक छिद्र पाडून त्यात वायू भरण्याची झडप बसवलेली असते. सायकलच्या ट्यूबला व्हॉल्व्ह असतो तसाच प्रकार. नळकांड्याच्या मागच्या बाजूला असलेले हे छिद्र म्हणजे वर उल्लेखिलेले छिद्र होय.

छिद्र, लेप आणि गंज

धातूच्या पट्टीला ताण दिला तर तो सर्वत्र सारखा वाटला जातो. त्याच पट्टीत एक गोल छिद्र पाडले, की छिद्राच्या काठावर हा ताण जवळजवळ तिप्पट होतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिकवतात. अर्थात विमान आखणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला असतो. छिद्राभोवतीची जाडी, त्याची गोलाई, आतील पृष्ठभागाची घोटाई हे सारे ठरलेले असते. छिद्राचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि निर्दोष आहे तोवर हिशेब बरोबर ठरतो.

मुख्य पायाचे पोलाद अतिशय ताकदीचे असते. कमी वजनात अधिक बळ हवे म्हणून ते तसे निवडतात. या ताकदीची किंमत अशी, की असे पोलाद तडा सहन करत नाही. पुलाच्या किंवा जहाजाच्या मऊ पोलादात कित्येक सेंटिमीटरची भेग बराच काळ दडून राहू शकते. या जातीच्या पोलादात नखाएवढ्या भेगेआधीच तुकडा पडू शकतो. त्यातच हे पोलाद गंजते. म्हणून त्यावर कॅडमियम या धातूचा पातळ लेप चढवतात. कॅडमियमचे वैशिष्ट्य असे, की ओलावा आणि क्षार यांच्या संपर्कात ते स्वतः झिजते आणि खालच्या पोलादाला वाचवते. लेप देणे हे काम नाजूक. विद्युत पद्धतीने लेप चढवताना हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. म्हणून लेप दिल्यानंतर तो भाग भट्टीत बराच वेळ ठराविक तापमानाला ठेवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. शिवाय कॅडमियम विषारी आहे. अशा कामासाठी विशेष कारखाने असतात आणि तेथील प्रत्येक पायरीची नोंद ठेवली जाते.

फोर्ट लॉडरडेलच्या विमानात, झडपेच्या छिद्राच्या आत, जेथे हा लेप असायलाच हवा होता तेथे तो नव्हता. उघड्या पोलादावर गंजाची एक बारीक खळगी पडली. त्या खळगीच्या तळातून तडा सुरू झाला. ही खळगी डोळ्यांना सहज दिसावी इतकी मोठी नव्हती, आणि दिसण्याजोगी असती तरी झडप बसवलेली असताना छिद्राच्या आत कोण पाहणार?

पुढचे काम मेटल फटीग, म्हणजे धातूला येणाऱ्या थकव्याने केले. लोखंडी तार एका झटक्यात तुटत नाही, पण तीच पुढे-मागे वाकवत राहिले की तुटते. हे लहानपणी प्रत्येकाने करून पाहिलेले असते. प्रत्येक वाकवणीत आत एक सूक्ष्म भेग किंचित पुढे सरकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेचे आस असेच अचानक तुटत, तेव्हा जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने या प्रकाराचा शिस्तबद्ध अभ्यास केला. विमानाच्या पायाला प्रत्येक उड्डाण-उतरणीची एक फेरी म्हणजे तारेची एक वाकवणी. माल भरला, जमिनीवर धावले, उडाले, टेकले, ब्रेक लागले : भेग केसभर पुढे. २८ ऑक्टोबरच्या सायंकाळी ती अशा लांबीला पोहोचली होती, की एका नेहमीच्या, सौम्य उतरणीचा भारही उरलेल्या पोलादाला पेलला नाही.

लेप का नव्हता? आधीच्या दुरुस्तीत राहून गेला, की नंतर खरवडला गेला? उपलब्ध पुराव्यावरून हे ठरवता येत नाही, असे तपास मंडळाने स्पष्ट नोंदवले आहे. ही कबुली महत्त्वाची आहे. जेथे दोष कसा शिरला हेच सांगता येत नाही, तेथे तो पुन्हा शिरणार नाही याची हमी कोण देणार? मग भरवसा उरतो तो वेळीच पाय उघडून पाहण्यावर. मंडळाचा अहवाल तेथेच वळतो.

आठ वर्षे की नऊ?

विमानाचे पाय ठराविक काळाने काढून कारखान्यात पाठवले जातात. त्याला ओव्हरहॉल म्हणतात. गॅरेजमधल्या सर्व्हिसिंगशी त्याची तुलना होणार नाही. पायाचा प्रत्येक सुटा भाग वेगळा करतात, जुना लेप पूर्ण उतरवतात, उघड्या पोलादावर चुंबकीय कणांच्या साह्याने भेगा शोधतात, गंज घासून काढतात, मापे घेतात, नवा लेप देतात आणि पुन्हा जुळणी करतात. तोवर विमानाला दुसरा पाय बसवलेला असतो. पायांचे असे एकमेकांत फिरणे नेहमीचे असल्याने प्रत्येक नळकांड्याला त्याची स्वतःची जन्मपत्रिका असते : केव्हा बनले, कोणत्या विमानावर किती फेऱ्या केल्या, केव्हा उघडले. विमान जमिनीवर न ठेवता हे साधायचे तर सुट्या पायांचा साठा लागतो, पैसा लागतो. त्यामुळे ओव्हरहॉलचा काळ जितका लांबेल तितके हवेच असते.

एमडी-१० च्या मुख्य पायासाठी निर्मात्याची शिफारस होती आठ वर्षे किंवा ७,५०० फेऱ्या, यांपैकी जे आधी येईल ते. फेडएक्सने आपल्या देखभाल कार्यक्रमात ठरवलेली मर्यादा होती नऊ वर्षे किंवा उड्डाणाचे ३०,००० तास. विमान कंपन्यांना असे बदल करण्याची वाट नियमांत असते. बदलाला आधार म्हणून तपशीलवार माहिती व विश्लेषण मात्र हवे. अपघातग्रस्त विमानाच्या डाव्या पायाचे ओव्हरहॉल २००८ मध्ये झाले होते. अपघात घडला तेव्हा त्याला आठ वर्षे पूर्ण होऊन गेली होती, नऊ भरली नव्हती. निर्मात्याच्या वहीत हा पाय कारखान्यात असायला हवा होता. कंपनीच्या वहीत त्याचे अजून काही महिने शिल्लक होते.

दोन्ही आकड्यांत नुसता एका वर्षाचा फरक नाही. मोजण्याची पट्टीच वेगळी आहे. इंजिनाची झीज तासांवर मोजणे योग्य, कारण ते उड्डाणभर चालत असते. पाय मात्र उड्डाणाच्या बहुतेक काळात पोटात दुमडून पडलेला असतो. सहा तासांच्या प्रवासात त्याला एकदाच टेकायचे असते आणि एका तासाच्या प्रवासातही एकदाच. त्याची झीज फेऱ्यांवर मोजावी लागते. दुसरे असे, की गंज विमान उडते आहे की उभे आहे याची चौकशी करत नाही. त्याच्याकडे दिनदर्शिका असते. जुनी मालवाहू विमाने प्रवासी विमानांच्या मानाने कमी उडतात. रात्री दोन फेऱ्या मारायच्या आणि दिवसभर उभे राहायचे, हा त्यांचा दिनक्रम. नऊ वर्षांत ३०,००० तास म्हणजे वर्षाचे सर्व दिवस धरून रोज नऊ तासांहून अधिक उड्डाण. अशा विमानाला तासांची ही मर्यादा गाठणे जवळजवळ अशक्यच. म्हणजे प्रत्यक्षात उरते ती वर्षांची मर्यादा, आणि नेमकी तीच वाढवलेली होती.

एनटीएसबीने २०१८ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. अपघाताचे संभाव्य कारण : गंजाच्या खळगीतून सुरू झालेल्या फटीगच्या तड्यामुळे डावा मुख्य पाय मोडणे, आणि ही खळगी आवश्यक कॅडमियम लेपाच्या अभावी पडणे. कारणाला हातभार लावणारी बाब : निर्मात्याच्या शिफारशीपलीकडची ओव्हरहॉल मर्यादा, तडा मोडण्याच्या अवस्थेला जाण्यापूर्वी हाती लागेल याची खात्री देणारी पुरेशी माहिती व विश्लेषण या वाढीमागे नव्हते. हे मंडळ कोणाला शिक्षा करत नाही, दंड ठोठावत नाही. हवाई वाहतुकीचे नियमन करणाऱ्या यंत्रणेपासून ते स्वतंत्र ठेवलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्या कोरड्या वाक्यांना वजन असते.

मेम्फिस, २००६

याच छिद्राची पहिली गोष्ट दहा वर्षे जुनी आहे. २८ जुलै २००६ रोजी सकाळी सिअॅटलहून आलेले फेडएक्सचे उड्डाण क्रमांक ६३० मेम्फिसच्या धावपट्टीवर उतरले. विमान एमडी-१०. उतरल्यानंतर धावताना त्याचाही डावा मुख्य पाय मोडला, तेथेही डाव्या बाजूला आग लागली आणि तेथेही सर्व जण वाचले. तपासात तडा सापडला तो बाह्य नळकांड्याच्या मागच्या बाजूच्या, वायू भरण्याच्या झडपेच्या छिद्रात.

कारण मात्र निराळे होते. दुरुस्तीच्या वेळी नळकांड्याच्या काही भागांवर निकेलचा मुलामा देतात. तो देताना झडपेचे छिद्र व्यवस्थित झाकलेले असले पाहिजे, म्हणजे निकेल आत जाणार नाही. येथे ते आत गेले होते. निकेलचा थर कठीण असतो. जेथे तो नको तेथे बसला तर खालच्या पोलादाची थकवा सोसण्याची ताकद कमी होते. कॅडमियम हवे तेथे नसणे हा २०१६ चा दोष; निकेल नको तेथे असणे हा २००६ चा. पहिल्या अपघातानंतर मुलामा देण्याच्या पद्धतीकडे लक्ष गेले आणि अशा विमानांच्या या छिद्रांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. ते आवश्यकच होते. परंतु शोधाचा भर होता तो चुकून आत शिरलेल्या मुलाम्यावर. दहा वर्षांनी त्याच जागी दोष आला, तो दुसऱ्या वाटेने. एखाद्या वळणावर दोनदा अपघात झाला तर गावकरी चालकांची नावे विचारत नाहीत, वळणाकडे बोट दाखवतात. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले, की तसेच काहीसे होते.

आग का लागते?

पाय मोडणे आणि पंख पेटणे या दोन घटना दोन्ही वेळी एकापाठोपाठ घडल्या, हा योगायोग नव्हे. इंधनाच्या मुख्य टाक्या पंखांतच असतात आणि पायही पंखालाच जोडलेला असतो. पाय मोडला की पंखाचा भार इंजिनावर येतो. तप्त इंजिन धावपट्टीवर घासत जाते, इंधनाच्या नळ्या तुटतात, ठिणग्यांची वाण नसते. पाय मोडलाच तर तो टाकीत घुसू नये अशा बेताने जोडणीची आखणी करण्याची पद्धत आहे. तरीही पूर्ण खात्री देता येत नाही. फोर्ट लॉडरडेलच्या विमानात पुढच्या टोकाला दोनच माणसे होती आणि मागे माल होता. त्याच जागी तीनशे प्रवासी असते तर, हा विचार हा अहवाल वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

सगळेच पाय सारखे मोडत नाहीत

‘लँडिंग गिअरमधील बिघाडामुळे अपघात’ या एका वाक्याखाली वृत्तपत्रांतून बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी छापल्या जातात. मेम्फिसलाच १८ डिसेंबर २००३ रोजी फेडएक्सच्या आणखी एका एमडी-१० चा उजवा मुख्य पाय मोडून विमान जळाले होते. परंतु त्या वेळी पाय निर्दोष होता. आडव्या वाऱ्यात विमान नीट सरळ न करता आणि खाली येण्याचा वेग न आवरता ते धावपट्टीवर आदळले, आणि पायाच्या ताकदीपलीकडचा भार त्यावर आला. तेथे पाय मोडणे हा परिणाम होता, कारण नव्हे. मुंबईच्या वाचकांना ३ जून २०२० चा दिवस आठवत असेल. निसर्ग चक्रीवादळाच्या पावसात बंगळुरूहून आलेले फेडएक्सचे एमडी-११ विमान मुंबईच्या धावपट्टीवरून पुढे घसरले; तो प्रकार ओल्या धावपट्टीचा, पायाचा नव्हे.

पाय बाहेरच न येणे हा आणखी वेगळा प्रकार. ४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथून फेडएक्सचे बोइंग ७५७ मेम्फिसकडे निघाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात डाव्या बाजूच्या हायड्रॉलिक यंत्रणेतील तेल निघून गेले. पायाच्या दाराला जोडलेली एक लवचीक नळी फुटली होती. हायड्रॉलिक दाब नसेल तर पाय खाली सोडण्यासाठी पर्यायी व्यवस्था असते : एक स्वतंत्र विद्युत पंप कुलपे उघडतो आणि पाय स्वतःच्या वजनाने खाली येतात. या विमानात ती व्यवस्थाही चालली नाही, कारण तिच्या बटणाकडून पंपाकडे जाणारी एक तार तुटलेली होती. गरज पडेपर्यंत ती तार तुटली आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. विमान चॅटनूगालाच परतले, पोटावर उतरले आणि धावपट्टी संपवून पुढे गेले. आतील तिघेही सुखरूप राहिले.

त्यानंतर ८ मे २०२४ रोजी पॅरिसहून इस्तंबूलला आलेल्या फेडएक्सच्या बोइंग ७६७ चा नाकाखालचा पाय उघडला नाही. वैमानिकांनी मुख्य पायांवर विमान टेकवले, नाक शक्य तितका वेळ उचलून धरले आणि मग अलगद खाली सोडले. विमान धावपट्टीवरच थांबले. कोणालाही इजा झाली नाही.

या दोन घटनांत वैमानिकांना आधीच कळले होते. त्यांना तयारीला वेळ मिळाला, याद्या वाचता आल्या, अग्निशमन दल धावपट्टीलगत उभे करता आले. फोर्ट लॉडरडेलला असा एकही क्षण मिळाला नाही. कॉकपिटमधील दर्शकावर पाय खाली आणि घट्ट बसलेला असल्याची खूण दिसत होती, आणि ती खोटी नव्हती. नळकांड्यातील भेग दाखवणारा दिवा कोणत्याही विमानात नसतो.

थकव्याचा हिशेब

जुन्या मालवाहू विमानांतील धातूचा थकवा हा विषय ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिक भीषण रूपात पुढे आला. केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे यूपीएस कंपनीचे एमडी-११ विमान उड्डाण घेत असताना त्याचे डावे इंजिन आधारासकट पंखापासून सुटले. विमान कोसळून त्यातील तिघे आणि जमिनीवरील अनेक जण मृत्युमुखी पडले. इंजिनाचा आधार पंखाला जोडणाऱ्या भागात फटीगचे तडे असल्याचे तपासाच्या प्राथमिक टप्प्यात दिसून आले. एमडी-११ हा डीसी-१० चाच पुढचा अवतार. भाग वेगळा, टप्पा वेगळा, हानी कितीतरी मोठी. परंतु कोणता भाग किती फेऱ्यांनंतर उघडून पाहायचा, हा प्रश्न तोच. या दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या नियामकांनी एमडी-११ बरोबरच डीसी-१० कुळातील विमानांचीही उड्डाणे तपासणी होईपर्यंत रोखली.

तोवर फेडएक्सच्या ताफ्यात एमडी-१० उरलेले नव्हते. फोर्ट लॉडरडेलचे विमान दुरुस्तीपलीकडे गेले होते, आणि या जातीची उरलेली विमाने कंपनीने २०२२ च्या अखेरीपर्यंत सेवेतून काढून घेतली.